आयर्लंड, बल्गेरिया आणि एकच रेघ

दोन रेघा एकमेकींवर इतक्या चपखल बसल्या होत्या, की मला आधी वाटलं स्क्रीनवर एकच रेघ आहे. मी झूम केलं. निळी आयर्लंडची, लाल बल्गेरियाची. निळीच्या खालून लाल कुठेकुठे जराशी डोकावत होती आणि पुन्हा लपत होती. खऱ्या माणसांचे आकडे असे वागत नाहीत. निदान तोपर्यंत मी पाहिलेले तरी वागले नव्हते.

मी अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या एका छोट्या संशोधन संस्थेत डेटा मॅनेजर आहे. त्याआधीची वीस वर्षं विमा कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली, थोडी नागपूरला, बाकीची इथे. माझं आताचं काम सांगायला सोपं आहे. आमच्याकडचा कुठलाही पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापायला जाण्याआधी त्यातला प्रत्येक आकडा मी मूळ फाइलपासून पुन्हा काढते. लेखकाचं उत्तर आणि माझं उत्तर जुळलं की सही करायची. नाही जुळलं तर पेपर थांबतो. लोकसंख्याशास्त्र मी शिकलेले नाही. आमची डायरेक्टर एलन म्हणते, म्हणूनच तुला ठेवलंय. विषयातल्या माणसाला चूक दिसली तरी तो ती मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे वाचत जातो.

हा पेपर राधिकाचा होता. राधिकाची आई माधुरी आणि मी नागपूरला शाळेत एका बेंचवर बसायचो. माधुरी लग्न करून इथे ओहायोत, डब्लिन नावाच्याच गावात आली, राधिका तिथेच जन्मली. लहानपणी ती उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे येऊन राहायची आणि माझ्या हातची साबुदाणा खिचडी सकाळ-संध्याकाळ खायची. आता ती चौतीस वर्षांची आहे, पीएचडी झालेली, आमच्या संस्थेत संशोधक. ऑफिसात ती मला वैशाली म्हणते, पार्किंग लॉटमध्ये मावशी. ती जॉइन झाली तेव्हाच आमची ओळख आम्ही एलनला लेखी कळवली होती.

तिचा विषय असा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपच्या दोन टोकांना बायकांची पहिली लग्नं कशी होत होती? आयर्लंडमध्ये लग्नं फार उशिरा व्हायची आणि कितीतरी जणींची व्हायचीच नाहीत. बल्गेरियात लवकर व्हायची आणि जवळजवळ सगळ्यांची व्हायची. हे काढायचं कसं, तर जुन्या जनगणनेत प्रत्येक वयाच्या बायका मोजलेल्या असतात: अविवाहित किती, विवाहित किती, विधवा किती. त्यावरून कुठल्या वयापर्यंत किती जणींचं एकदा तरी लग्न झालेलं आहे ते कळतं. वय आडवं मांडायचं, लग्न झालेल्यांचं प्रमाण उभं. एक चढती रेघ मिळते. आयर्लंडची रेघ उशिरा सुरू होते, सावकाश चढते आणि बरीच खाली थांबते. बल्गेरियाची लवकर सुरू होते आणि सरळ माथ्याला जाते. शेजारीशेजारी ठेवल्या तर दोघींचा काही संबंध आहे असं वाटत नाही.

पण पेपरच्या शेवटच्या चित्रात राधिकाने तीन गोष्टी समान केल्या होत्या. दोन्ही रेघांची सुरुवात एका जागी आणली. दोन्हींचा वेग सारखा केला. आणि शेवटी पोचायची उंची सारखी केली. तेवढं केल्यावर दोन्ही एकच झाल्या होत्या.

विम्यात मी खोटा डेटा पुष्कळ पाहिलाय. माणूस आळशी असला की शून्यातून आकडे बनवत बसत नाही. खऱ्या फाइलची कॉपी घेतो आणि ती सरकवतो, ताणतो. मी फोल्डर उघडलं. आयर्लंडच्या तक्त्यांचे स्कॅन होते. बल्गेरियाची नुसती एक्सेल शीट होती, स्कॅन नाही, वर एक ओळ: हाताने टाइप केलं, आर. पी. म्हणजे राधिकाने. आयर्लंडची रेघ घ्यायची, डावीकडे सरकवायची, दाबायची, वर ताणायची. झाला बल्गेरिया तयार. मग पेपरमध्ये तीच ताणलेली रेघ परत सैल केली, की ती जुळणारच.

आमचा नियम स्पष्ट होता. नकलेचा संशय आला तर त्या माणसाशी बोलायचं नाही, सहकाऱ्यांशीही नाही, थेट लेखी कळवायचं. एलन दहा दिवस मिनेसोटात कनू, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घेऊन जंगलातल्या तळ्यांवर गेली होती, फोन बंद. म्हणून ईमेल गेली ग्रेगला. ग्रेग आमचा कंप्लायन्स ऑफिसर, म्हणजे नियम पाळले जातात की नाही ते बघणारा. मूळचा वकील. पाठवण्याआधी ती ईमेल मी चार वेळा वाचली. राधिकाच्या जागी दुसरं कोणी असतं तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारत राहिले. खरं सांगायचं तर दुसरं कोणी असतं तर मी कदाचित उठून त्याच्या डेस्कपाशी गेले असते. राधिका आपली आहे म्हणून आपण मऊ पडू, या भीतीने मी जास्त कडक झाले. अकरा वाजता सेंड केलं. दोन वाजेपर्यंत राधिकाचं लॉगिन बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. ग्रेग, मी आणि राधिका.

ग्रेगने तिच्यापुढे चित्र ठेवलं. "हे जुळणं तुला विचित्र वाटलं नाही?"

"नाही," राधिका म्हणाली. "ते जुळायलाच हवं. पेपरचा सगळा मुद्दाच तो आहे."

"दोन वेगळे देश, वेगळा धर्म, वेगळी भाषा. आणि लग्नाची रेघ एकच?"

"हो. या विषयात हे फार आधीपासून माहीत आहे. मी ते जुन्या, कोणी न वापरलेल्या तक्त्यांवर परत तपासलंय, एवढंच."

ग्रेगने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मला माहीत नव्हतं.

"बल्गेरियाचे स्कॅन का नाहीत?" मी विचारलं.

"जनगणनेचे ते खंड विद्यापीठाच्या लायब्ररीच्या स्टोरेजमध्ये आहेत. बांधणी इतकी मोडकळीला आलीये की स्कॅनरवर पालथे घालू देत नाहीत. मी तिथे बसून टाइप केलं." मग ती माझ्याकडे बघून, ऑफिसात कधी बोलत नाही ते मराठी बोलली. "तू स्वतः जाऊन बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नको."

ग्रेगने मराठी बंद करायला सांगितलं आणि निर्णय दिला. मी कागदावरून दोन्ही देशांचे आकडे नव्याने टाइप करायचे, गणित नव्याने लिहायचं. तोपर्यंत राधिका घरी.

शनिवारी सकाळी माधुरीचा फोन आला.

"राधिका दोन दिवस नीट बोलत नाहीये गं. ऑफिसात काही झालंय का?"

"मला सांगता यायचं नाही, माधुरी."

"म्हणजे झालंय."

चाळीस वर्षांत माधुरीने माझ्यावर फोन आपटला नव्हता. त्या दिवशीही आपटला नाही. "बरं," म्हणाली आणि हळूच ठेवला.

सोमवारी लायब्ररीच्या वाचनकक्षात मला खंड आणून दिला. पुस्तकाला टेकायला फोमची उशी, पेनला बंदी, लॅपटॉप चालेल. पानं चहाच्या रंगाची झालेली. रकान्यांची शीर्षकं सिरिलिक लिपीत आणि खाली बारीक फ्रेंच. काउंटरवरच्या बाईंनी मला एका चिठ्ठीवर चार शब्द लिहून दिले: अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित. मी टाइप करायला लागले. राधिकाची शीट मी मुद्दाम उघडली नव्हती. आधी आपलं पूर्ण करायचं, मग ताडायचं.

विम्याचे आकडे मला फाइलमधूनच यायचे. आकडे हाताने, एकेक, कागदावरून उतरवायची माझी ती पहिलीच वेळ. हाताने उतरवताना आकडा वाचावाच लागतो. बल्गेरियाच्या पानावर वय वाढत जातं तसा अविवाहितांचा रकाना झपाट्याने आटत जातो. मोठे आकडे, मग लहान, मग अगदी दोन-तीन अंकी. आयर्लंडच्या पानावर तोच रकाना पन्नाशीलाही भरलेला. मी टाइप करत होते आणि बोटांना कळत होतं की या बायका आहेत. या ओळीतल्या सगळ्या सव्वीस वर्षांच्या, त्या ओळीतल्या सत्तावीसच्या. कोणीतरी थंडीत दारोदार जाऊन त्यांना विचारलं होतं, लग्न झालंय का. त्यांनी उत्तर दिलं होतं. ते उत्तर मिशिगनमध्ये माझ्या पुढ्यात होतं.

मंगळवारी दुपारी टाइप करणं संपलं. मी राधिकाची शीट उघडून ओळीओळीने ताडली. दोन जागी तिचा अंक चुकला होता, एका जागी माझा. बाकी सगळं तेच.

म्हणजे डेटा खरा होता. तिने कॉपी केलेली नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटली ती शरम. आणि एक प्रश्न उरलाच होता. डेटा खरा असेल तर त्या रेघा जुळतात कशा?

मी माझा कोड लिहिला, तिचा न बघता. सुरुवात एका जागी. वेग सारखा. उंची सारखी. रन केलं.

निळी आणि लाल पुन्हा एकमेकींवर जाऊन बसल्या.

मी खुर्चीत मागे टेकले. आजूबाजूला पोरं अभ्यास करत होती, कोणी हळूच सँडविच खात होतं. मला कोणाला तरी बोलावून ते दाखवायचं होतं आणि नियमाप्रमाणे दाखवता येत नव्हतं. आयर्लंडमधली ती मुलगी, जिचा होणारा नवरा बापाची शेती नावावर व्हायची वाट बघत चाळिशीला आला असेल. बल्गेरियातली ती, जिचं विशीच्या आतच उरकलं. दोघींनी एकमेकींचं नावही ऐकलेलं नाही. प्रत्येकीची गोष्ट वेगळी, नकार वेगळे, भांडणं वेगळी. आणि लाखो जणींच्या त्या गोष्टी एकत्र ओतल्या की एकच आकार उरतो.

तरी मी माझ्या सवयीने अडून बसले. सुरुवात, वेग, उंची असे तीन स्क्रू फिरवायला मिळाले तर काय वाटेल ते जुळवता येत असेल. म्हणून मी त्याच खंडातला मृत्यूंचा तक्ता घेतला आणि त्याच्यावर तेच तीन स्क्रू फिरवले. लग्नाच्या रेघेशी नाही जुळला. सुरुवात धरली तर मधला भाग सुटायचा, मधला धरला तर शेवट. तीन स्क्रू रेघेला हलवतात, दाबतात, उंच करतात. तिचं वळण ते बदलत नाहीत. लग्नाचं वळण लग्नाचंच होतं.

संध्याकाळी पाच वाजता मी ग्रेगला रिपोर्ट पाठवला. आकडे खरे, गणित बरोबर, संशय निराधार. त्याने अर्ध्या तासात उत्तर दिलं: आता तू तिच्याशी बोलू शकतेस.

बुधवारी राधिका सायकलवरून ऑफिसला आली. मी सायकल रॅकपाशी उभी होते. मे महिना लागला होता, पण सकाळच्या गारठ्यात हात खिशाबाहेर काढवत नव्हते.

"राधिका, माझं चुकलं."

तिने हेल्मेट काढलं, कुलूप लावलं. "तू रूल फॉलो केलास."

"हो. पण तुझ्या डेस्कपाशी येऊन एक प्रश्न विचारला असता तर हे झालं नसतं."

"तुमच्या चेकलिस्टमध्ये 'विचारा' असा बॉक्सच नाहीये, मावशी," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. "यू नो मी सिन्स आय वॉज सिक्स. तुला खरंच वाटलं मी फेक करीन?"

"रेघा बघितल्या आणि वाटलं. हे माणसांचं असूच शकत नाही असं वाटलं."

त्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "मलाही तसंच वाटलं होतं. ग्रॅड स्कूलमध्ये पहिल्यांदा बघितलं तेव्हा."

आम्ही आत जाऊन कॉफी घेतली. मी विचारलं, हे होतं कसं. तिने पेपर नॅपकिनवर एक टिंब काढलं.

"एका दिवशी मुलगी लग्नाच्या मार्केटमध्ये येते. आईच्या भाषेत, लग्नाची होते. ती तारीख कुठे लिहिलेली नसते. कोणाची लवकर, कोणाची उशिरा." टिंबापुढे तिने तीन रेघोट्या मारल्या. "मग तीन वेटिंग पिरियड. ज्याच्याशी होणार तो भेटेपर्यंत. भेटल्यावर ठरेपर्यंत. ठरल्यावर लग्न लागेपर्यंत. हे चार बिट्स एकत्र केले की गणितात जवळजवळ हाच कर्व्ह येतो. लोकांनी खूप आधी काढून ठेवलंय. खरं कारण हेच आहे का, त्यावर वाद आहेत. पण आकार येतो."

स्थळ, होकार, मुहूर्त. मी ते मनातल्या मनात मराठीत म्हणून बघितलं.

"आणि ज्यांचं होतच नाही?"

"त्या रेघेत नसतात. रेघ जिथे थांबते तिच्या वर जी रिकामी जागा दिसते ना, ती त्यांची." तिने कॉफीचा घोट घेतला. "आयर्लंडच्या चित्रात ती जागा केवढी मोठी आहे बघ. सगळे रेघ बघतात. मला ती जागा जास्त आवडते."

थोड्या वेळाने ती उठली. "आईला तूच सांग," म्हणाली.

मी सांगितलं. शनिवारी सकाळी माधुरीला फोन करून सगळं, सारवासारव न करता. मग माधुरी म्हणाली, "माझ्या मुलीबद्दल तुला असं वाटू शकतं, हे मला कळायला इतकी वर्षं लागली." मी ऐकून घेतलं.

मग तिनेच विचारलं, "त्या रेघांमध्ये असं आहे तरी काय?"

फोनवर रेघ दाखवता येत नाही. मी म्हटलं, आपल्या दहावीच्या वर्गातल्या मुली घेऊ. कोणाचं लग्न कितव्या वर्षी झालं ते तुला पाठ असेल. आणि तिला पाठ होतं. मी कागद घेतला, ती सांगत गेली. शोभाचं सगळ्यांत आधी, बारावीच्या निकालाआधीच. मग वर्षभर कोणीच नाही. मग एकदम धडाका, दोन-तीन वर्षांत अर्धा वर्ग. मी आणि माधुरी त्यातच. मग चाल मंदावली. एकेक, एकेक. पुण्यात डॉक्टर झालेली अंजू बरीच उशिरा. आणि पन्नाशीच्या तोंडावर वंदना, जिचं कळल्यावर सगळा व्हॉट्सॲप ग्रुप दोन दिवस झोपला नव्हता. चौघींचं झालंच नाही. एवढ्याशा वर्गात वळण काही सुबक येत नाही, खाचाखोचा राहतात. पण आधी सावकाश, मग उभी चढण, मग लांबत जाणारं शेपूट, आणि वर चौघींची जागा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बॉलपेनने काढलेलं. मी ते माधुरीला फोटो काढून पाठवलं, तिच्या फोनवर राधिकाचं चित्रही पाठवलं.

"वैशाली," ती म्हणाली, "आपल्याला तर वाटलं होतं आपण आपल्या मनाने केलं."

"आपल्या मनानेच केलं. तरीही हे असं दिसतं."

हे कसं शक्य आहे ते मला आजही पूर्ण कळलेलं नाही. कळलंय एवढंच वाटतं, आणि चित्र पुन्हा उघडलं की तेही वाटेनासं होतं.

एलन परत आली, नाक उन्हाने सोललेलं. तिने माझी ईमेल वाचली, ग्रेगचा निर्णय वाचला, चित्र पाहिलं. तिला एका नजरेत कळलं. "आमच्या विषयातल्या कोणत्याही माणसाने दोन मिनिटांत सांगितलं असतं," ती म्हणाली.

"विषयातल्या माणसाशी बोलायला मला बंदी होती."

"हो," ती म्हणाली. "तो नियम मी लिहिलाय."

तिने तो बदलला. आता संशय आला तर लेखी कळवायच्या आधी पेपरशी संबंध नसलेल्या एका जाणकाराला नाव न सांगता चित्र दाखवायचं असतं. स्कॅन नसेल तर मूळ पुस्तक कुठे आहे ते शीटवर लिहायचं असतं, हे राधिकाने सुचवलं. पेपर तीन आठवडे उशिरा गेला आणि छापून आला. माझ्या तपासणीत सापडलेले दोन चुकलेले अंक त्यात दुरुस्त होते. निष्कर्ष तसूभरही हलला नाही.

एक गोष्ट मात्र पुसता आली नाही. संस्थेच्या फाइलमध्ये राधिकाच्या नावावर एक तक्रार आहे, आणि तिच्यापुढे "निराधार" असा शेरा. त्या शरद ऋतूत ती पेनसिल्व्हेनियात शिकवण्याच्या नोकरीसाठी अर्ज करत होती. तिथल्या फॉर्मवर प्रश्न होता, तुमच्या कामाविरुद्ध कधी तक्रार झाली आहे का. तिला "हो" लिहावं लागलं. सोबत जोडायला मी एक पानाचं पत्र दिलं, की तक्रार करणारी मी होते, मला विषय येत नव्हता, आणि तिचे आकडे मी स्वतः कागदावरून पडताळले आहेत. तिला नोकरी मिळाली. पत्रामुळे की पत्र असूनही, ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

आमच्याकडे नवीन माणूस तपासणीच्या कामावर आला की ट्रेनिंग मी देते. आकडे फार नीट जुळले तर त्याची दोन कारणं असू शकतात, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. एक म्हणजे कोणीतरी लबाडी केलेली असते. दुसरं म्हणजे ते का जुळतात हे आपल्याला अजून माहीत नसतं. दुसरं कारण जास्त वेळा खरं निघतं, आणि ते तपासायला एक प्रश्न पुरतो.